पालखी वाहिली, मग कार्य शून्य कसे?

माडाखाली:
नमस्कार मंडळी. लेक अकरावीला आहे, विज्ञान शाखा. चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून सगळे इंग्रजीत, गोव्यात बहुतेक घरांत असते तसे. मागच्या सोमवारी गावच्या देवळात पालखी होती. नेहमी वाहणाऱ्यांपैकी दोघे आजारी, त्यामुळे हिच्या बाबांना बदली मिळालीच नाही. सगळ्या प्रदक्षिणा त्यांनी एकाच खांद्यावर काढल्या. घरी आले तेव्हा खांद्यावर लाल वळ, सदरा पिळून काढावा इतका ओला. मी खोबरेल चोळत बसले होते आणि लेक पुस्तक घेऊन आली.

"बाबा, पुस्तकाच्या हिशेबाने तुम्ही आज शून्य काम केलंत. जोर वर लावलात आणि पालखी आडवी गेली."

हे रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मग माझा घाम कुठून आला, तेही पुस्तकाला विचार."

दोन दिवस लेक त्याच पानावर अडली आहे. कारण त्याच धड्यात पुढे लिहिले आहे की ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. दुपारी जेवलेले शीत-कढी कुठेतरी गेलेच असणार ना? काम शून्य झाले असेल तर ती ऊर्जा गेली कुठे? मी वाणिज्य शाखेची, मला सांगता येईना. पुस्तक चुकते आहे की आम्ही वाचायला चुकतो आहोत?

उतारू:
पुस्तक बरोबर आहे. बल वर, विस्थापन आडवे, मधला कोन ९० अंश, त्याचा कोसाइन शून्य. परीक्षेत एवढे लिहिले की पूर्ण गुण. दमणे हा जीवशास्त्राचा विषय, त्याची इथे गल्लत करू नये.

फळा-खडू:
उतारू, गुण मिळतील हे खरे. पण मुलीने विचारलेला प्रश्न भौतिकशास्त्राचाच आहे आणि अतिशय चांगला आहे. मी आयुष्यभर हायस्कुलात विज्ञान शिकवले. हा प्रश्न विचारणारी मुले मला वर्षाला एखाददुसरीच भेटली.

आधी शब्दाचे पाहू. यंत्राचा हिशेब मांडताना बल गुणिले अंतर या गुणाकाराला 'कार्य' हे नाव पक्के केले ते फ्रान्समध्ये गास्पार-गुस्ताव कोरिओलिसने, १८२९ साली. तो काळ पाणी उपसणाऱ्या आणि ओझी उचलणाऱ्या यंत्रांचा. किती वजन किती उंच चढवले यावर यंत्राची किंमत ठरायची. त्याने निवडलेला फ्रेंच शब्द मात्र मजुरीचा, कष्टाचा होता. इंग्रजीतही तसाच शब्द आला. तेव्हापासून जगभरची मुले याच ठिकाणी अडखळतात. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, ही आपली केवढी मोठी सोय. काम म्हणजे माणसाचे कष्ट. कार्य म्हणजे बलाने वस्तूच्या ऊर्जेत घातलेली किंवा तिच्यातून काढलेली भर. मराठी पाठ्यपुस्तकांत 'कार्य आणि ऊर्जा' असेच म्हणतात. पाचवीनंतर आपली मुले इंग्रजीत शिकतात आणि हा फरक हातातून निसटतो. बाबांनी काम केले, भरपूर केले. शून्य आहे ते कार्य, आणि तेही कशावर केलेले कार्य हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही.

हा 'कशावर' पुस्तकांतून गळतो. "बाबांनी पालखीवर केलेले कार्य शून्य" हे वाक्य बरोबर. "बाबांनी केलेले कार्य शून्य" हे वाक्य अर्धवट, म्हणून चूक. प्रदक्षिणा संपल्यावर पालखीकडे पाहा. ती होती त्याच उंचीवर आहे, थांबलेली आहे, तापलेली नाही. तिच्या ऊर्जेत फरक पडला नाही, एवढेच ते शून्य सांगते. बाबांच्या आत काय घडले याबद्दल ते शून्य काहीच बोलत नाही.

माडाखाली:
सर, 'कशावर' हा शब्द लेकीने वहीत चौकटीत लिहून घेतला. पण बाबांच्या आत काय घडले?

नाडी:
हे मी सांगते, माझा पेशा वैद्यकीचा आहे.

ओझे खांद्यावर स्थिर असले तरी स्नायू स्थिर नसतो. स्नायूच्या धाग्यात मायोसिन नावाच्या प्रथिनाचे अगदी बारीक आकडे असतात. ते शेजारच्या ॲक्टिनच्या दोरीला पकडतात, ओढतात आणि सोडतात. सोडून पुन्हा पकडण्यासाठी प्रत्येक वेळी एटीपीचा, म्हणजे पेशीतल्या इंधनाचा, एक रेणू खर्च होतो. रापण ओढताना एकाचा हात सुटतो तोवर दुसऱ्याने धरलेले असते, म्हणून जाळे मागे जात नाही. तसेच इथे. बाहेरून पाहणाऱ्याला दोरी जागच्या जागी दिसते, आतले लाखो हात मात्र सतत धर-सोड करत असतात. प्रत्येक ओढीला धागा किंचित ताणला जातो आणि आकडा सुटला की तो ताण उष्णतेत विरतो. म्हणजे धाग्याच्या पातळीवर कार्य होते आहे, पण त्यातले पालखीपर्यंत काहीच पोहोचत नाही. त्याची उष्णता होते, ती रक्तातून कातडीपर्यंत येते आणि घाम सुटतो. शीत-कढी तिकडे गेली.

सगळे स्नायू असे उधळे नसतात. आदोळीवर (विळीवर) तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, उघडताना किती जोर लागतो ते इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. शिंपल्यांच्या प्राण्यांत एक खास प्रकारचा स्नायू असतो. तो एकदा आवळला की कुलूप लावल्यासारखा राहतो आणि तासन्‌तास जवळजवळ काही खर्च न करता शिंपला मिटून धरतो. तिसरीला पालखी धरायला दिली असती तर तिला घाम आला नसता. टेबलालाही येत नाही. ओझे धरून ठेवायला ऊर्जा लागलीच पाहिजे असा निसर्गाचा नियमच नाही. ती आपल्या स्नायूंची रचना आहे. याच स्नायूंनी क्षणात पळता येते, फेकता येते, त्याची ही किंमत.

कुळागरकार:
वाचतो आहे. मला एक बोलायचे आहे.

माझे वडील पाडेली होते. हंगामात दिवसाला चाळीस माड चढत. सकाळी जमिनीवर, संध्याकाळी जमिनीवर. म्हणजे दिवसाअखेर त्यांची उंची बदलली नाही, आणि पुस्तकाच्या भाषेत सगळे पुन्हा शून्य. त्यांच्या पायांच्या तळव्यांना पडलेले घट्टे मी पाहिले आहेत. सर, आकडे मांडून दाखवाल का? मला त्यांचा हिशेब हवा आहे.

फळा-खडू:
मांडतो. वडील ६० किलोचे आणि माड १५ मीटरचा धरू. एकदा चढायला ६० गुणिले ९.८ गुणिले १५, म्हणजे ८,८२० ज्यूल. चाळीस माडांचे ३,५२,८०० ज्यूल. आहाराच्या भाषेत सुमारे ८४ किलोकॅलरी.

आकडा लहान वाटेल, पण स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा-पाचवा हिस्साच कार्यात बदलू शकतो, उरलेली तिथेच उष्णता होते. म्हणजे नुसत्या चढण्यासाठी ३४० ते ४२० किलोकॅलरी जळल्या. आणि ही ऊर्जा कोणी पुरवली? माडाने नाही. माड पायाला वर रेटतो हे खरे, पण पाय टेकलेला असतो तोवर ती टेकण्याची जागा हलत नाही, म्हणून माडाने त्यांच्यावर केलेले कार्य शून्य. जी काही ऊर्जा आली ती त्यांच्या अंगातून आली. हे शून्य त्यांच्या बाजूने बोलते.

आता उतरताना. वर असताना त्यांच्या नावावर ८,८२० ज्यूल स्थितिज ऊर्जा, म्हणजे उंचीमुळे साठलेली ऊर्जा, जमा होती. उडी मारली असती तर ती गतिज, म्हणजे वेगाची ऊर्जा, झाली असती. ते सावकाश उतरले, म्हणजे प्रत्येक पावलाला स्नायूंनी ब्रेक लावला. ती ऊर्जा स्नायूंत, तळव्यांत, खोडाच्या सालीत उष्णता होऊन विरली. आपल्या शरीराला ती परत अन्नात भरून ठेवता येत नाही. तेव्हा दिवसभरात गुरुत्वाकर्षणाने त्यांच्यावर केलेले एकूण कार्य शून्य, आणि त्यांनी खर्च केलेली ऊर्जा शेकडो किलोकॅलरी. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. पहिल्या वाक्यावरून दुसऱ्याचा हिशेब लावायला जाणे ही चूक.

कुळागरकार:
धन्यवाद सर. 'हे शून्य त्यांच्या बाजूने बोलते.' हे आईला वाचून दाखवले.

उतारू:
मी मघाशी घाईने लिहिले, ते मागे घेतो. पण एक शंका खरोखर आहे. पालखी पाहिली तर शून्य, बाबा पाहिले तर वेगळे, स्नायूचा धागा पाहिला तर आणखी वेगळे. पाहणाऱ्याच्या सोयीने उत्तर बदलत असेल तर त्याला नियम कसे म्हणायचे?

फळा-खडू:
मोलेच्या तपासणी नाक्यावर बसून तुम्ही ट्रक मोजलेत आणि मी पत्रादेवीला बसून मोजले, तर आपले आकडे वेगळे येतील. दोघेही बरोबर. आपण कोणत्या हद्दीवर बसलो आहोत ते सांगितले की झाले. पण राज्यात किती ट्रक आले, किती गेले, आत किती उरले हा हिशेब कुठल्याही नाक्यांवरून मांडला तरी जुळलाच पाहिजे. ट्रक हवेत विरत नाही. कार्य म्हणजे बलाच्या वाटेने हद्द ओलांडणारी ऊर्जा. उष्णता म्हणजे तापमानातल्या फरकामुळे हद्द ओलांडणारी ऊर्जा. हद्द कुठे आखायची ते आपण ठरवतो, बेरीज जुळणे न जुळणे आपल्या हातात नाही. अक्षय्यतेचा नियम त्या बेरजेबद्दल आहे.

आणि ती का जुळते याचेही उत्तर आहे. १९१८ मध्ये एमी नोदर या जर्मन गणितज्ञ बाईंनी ते सिद्ध करून प्रसिद्ध केले. निसर्गाचे नियम आज जे आहेत तेच उद्या असतील, तर ऊर्जा नावाची एक राशी कायम राहणे भागच आहे. उलट धरून पाहा. रात्री गुरुत्वाकर्षण कमी आणि दिवसा जास्त असते, तर साळावली धरणाचे पाणी रात्री स्वस्तात टेकडीवर चढवून दिवसा खाली सोडता आले असते आणि रोज फुकटची वीज उरली असती. तसे होत नाही, कारण रात्रीचा नियम आणि दिवसाचा नियम एकच.

माडाखाली:
लेकीचा नवा प्रश्न आला आहे, तिच्याच शब्दांत: "पाडेली चढला ती ऊर्जा त्याच्या जेवणातून आली. पण नारळ तर आधीपासूनच वर होता. नारळ वर कोणी नेला?"

फळा-खडू:
वा! नारळ वर वाढला. त्यातले पाणी आणि क्षार मुळांतून चढून आले. झावळ्यांवरून पाणी वाफ होऊन उडते, त्या ओढीने खोडातला पाण्याचा स्तंभ वर खेचला जातो. ती वाफ करणारे ऊन. म्हणजे नारळ सूर्याने वर नेला. १.२ किलोचा नारळ १५ मीटरवर असला तर त्याची स्थितिज ऊर्जा सुमारे १७६ ज्यूल. देठ सुटला की जमिनीशी येईतो वेग सेकंदाला १७ मीटर, ताशी साठ किलोमीटरच्या वर. म्हणून माडाखाली उभे राहू नये.

पण सूर्याने खरी साठवण केली ती खोबऱ्यात. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३५० किलोकॅलरी. साडेतीनशे ग्रॅम खोबरे निघाले तर ५० लाख ज्यूलच्या पुढे. पडताना आपल्याला धडकी भरवणारी ती १७६ ज्यूल ऊर्जा त्यापुढे तीस हजारावा भाग. डोळ्यांना दिसणारी ऊर्जा आणि चुपचाप साठलेली ऊर्जा यांत एवढे अंतर असते, आणि त्यामुळेच हा नियम सापडायला माणसाला इतका वेळ लागला.

नाडी:
वेळ लागला आणि सापडला तोही एका डॉक्टरला, आपल्यासारख्याच उष्ण दमट किनाऱ्यावर. युलिउस रॉबर्ट मायर, डच जहाजावरचा जर्मन वैद्य. १८४० मध्ये जावा बेटावर खलाशांच्या शिरेतून रक्त काढताना ते त्याला नेहमीपेक्षा फार लाल दिसले. आधी वाटले, चुकून धमनीच कापली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की इकडे असेच असते. तो विचारात पडला. उष्ण प्रदेशात अंग गरम राखायला शरीराला कमी जाळावे लागते, म्हणून रक्तातला ऑक्सिजन कमी खर्च होतो आणि रक्त लाल राहते. मग अन्नाच्या ज्वलनातून उष्णता आणि श्रम दोन्ही निघत असतील, तर दोघांचा हिशेब एकाच वहीत मांडता आला पाहिजे. १८४२ मध्ये त्याने ते छापले. लोकांनी बरीच वर्षे दखल घेतली नाही. रक्ताच्या रंगाची त्याची कारणमीमांसा आजच्या शरीरशास्त्राला जशीच्या तशी मान्य होणार नाही, पण त्यावरून तो पोहोचला ते ठिकाण बरोबर होते. माडाखाली, तुमच्या घरी परवा सदऱ्यावरून जे सुरू झाले तेच हे.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. केनियातल्या लुओ आणि किकुयू स्त्रिया डोक्यावर ओझे घेऊन चालताना किती ऑक्सिजन वापरतात ते शास्त्रज्ञांनी मोजले. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचे ओझे त्या जवळजवळ काही जास्त खर्च न करता वाहतात. चालताना आपले शरीर लंबकासारखे दर पावलाला थोडे वर जाते आणि खाली येते, गतिज आणि स्थितिज ऊर्जेची देवघेव चालते. या देवघेवीत बहुतेकांची बरीच ऊर्जा वाया जाते. या बायकांची ओझ्याखाली ती कमी जाते. आपल्याकडे मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरणाऱ्या बायकांची चाल मी लहानपणापासून पाहते आहे. पाटी जराही हिंदकळत नाही. कोणीतरी त्यांचेही मोजायला हवे.

कुळें स्टेशन:
माझे बालपण कुळ्याला गेले, म्हणून दूधसागर आणल्याशिवाय राहवत नाही. पाणी ३१० मीटर खाली येते. ती सगळी स्थितिज ऊर्जा खाली जाऊन होते काय? आवाज होतो, तुषार उडतात, पण शेवटी? पाणी तापायला नको का?

आणि घाटाचे सांगतो. कुळ्याहून कॅसलरॉकला चढणाऱ्या रुळांचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर एक मीटर उंची. कोळशाच्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने लावतात. ८० टनांची एक वाघीण सरळ उचलायची तर ८० टनांचा जोर हवा. चढावर घर्षण सोडले तर सव्वादोन टनांच्या आतच भागते, फक्त तो ३७ पट अंतरभर लावावा लागतो. गुणाकार तोच. लहानपणी वाटायचे, घाटाने काहीतरी सवलत दिली. सवलत जोरात मिळते, ऊर्जेत मिळत नाही.

फळा-खडू:
कुळेंकर, तुमचा दूधसागराचा प्रश्न जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने नायगारासाठी सोडवला होता. १८४५ मध्ये त्याने लिहिले की १६० फूट पडल्यावर पाणी फॅरनहाइटच्या अंशाच्या सुमारे पाचव्या भागाइतके तापले पाहिजे. पडत्या वजनाने पाण्यातली पंखी फिरवून पाणी किती तापते, हे तो मँचेस्टरजवळ वर्षानुवर्षे मोजत होता. दूधसागराचा हिशेब असा: ९.८ गुणिले ३१० म्हणजे दर किलोला ३,०३८ ज्यूल. एक किलो पाणी एक अंश सेल्सियस तापायला ४,१८६ लागतात. भागाकार ०.७३ अंश. खालचे पाणी वरच्यापेक्षा पाऊण अंशाने गरम.

उतारू:
साधा डिजिटल थर्मामीटरही ०.१ अंश दाखवतो. मग हे मोजता येईल! पावसाळा ओसरला की जायचे का कोणी?

फळा-खडू:
उत्साह मोडत नाही, पण आधी हे वाचा. १८४७ मध्ये ज्यूल लग्नानंतर आल्प्समध्ये गेला होता. तिथे विल्यम टॉमसनशी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनशी, त्याची गाठ पडली. टॉमसनने पुढे आठवण सांगितली की दोघांनी एका धबधब्यावर तापमान मोजायचा प्रयत्न केला, पण पाणी इतके तुषार होऊन फुटत होते की जमले नाही.

दूधसागर तर नावाप्रमाणे दूधच, नखशिखांत तुषार. एक ग्रॅम पाणी वाफ व्हायला सुमारे २,४३० ज्यूल घेते. म्हणजे एक किलो पाण्यातले नुसते सव्वा ग्रॅम उडून गेले तरी ३१० मीटरांची सगळी कमाई संपली. शिवाय थेंब हवेशी घासत येतात, तेव्हा काही उष्णता हवेतच राहते. थर्मामीटर शून्य फरक दाखवेल, कदाचित खालचे पाणी थंडच निघेल. आणि ऊर्जा कुठेही हरवलेली नसेल. धबधब्यासमोर अंगावर येतो तो गार ओला वारा, त्यात ती आहे. आणि जाणार असाल तर रुळांवरून चालत जाऊ नका. मनाई आहे, जिवाला धोकाही आहे.

नाडी:
सर, तुमच्या सव्वा ग्रॅमवरून सुचले. दूधसागरावर जे मोजता येत नाही ते माडाखालींच्या घरी मोजता येईल.

भार घेऊन सावकाश चालणारा माणूस साधारण ३०० वॉटच्या, म्हणजे सेकंदाला ३०० ज्यूलच्या, दराने ऊर्जा खर्च करतो असे धरा. अर्ध्या तासात ५,४०,००० ज्यूल. पालखीवर शून्य कार्य, म्हणजे ही जवळजवळ सगळी उष्णता. ती सगळी घाम सुकूनच बाहेर पडली असे मानले तर सव्वादोनशे ग्रॅम घाम उडायला हवा. बाबांचे वजन पालखीआधी आणि नंतर करा, त्याच कपड्यांत, सदरा न बदलता. सदऱ्यात मुरलेला घाम तेव्हा वजनातच राहील आणि जो खरोखर उडाला तोच कमी भरेल. जमिनीवर गळलेले थेंबही कमी भरतील, ती चूक वहीत नोंदवून ठेवा. आपल्या दमट हवेत घाम सुकतो कमी आणि गळतो जास्त. गळलेला घाम उष्णता जवळजवळ नेतच नाही, म्हणूनच इथे माणूस इतका भिजतो आणि तरी उकडत राहतो.

माडाखाली:
लेक हे वाचून उठली ती थेट शेजारी गेली आणि वजनकाटा घेऊन आली. ५० ग्रॅमपर्यंत दाखवतो. आत्ताच भरलेली कळशी घेऊन आणि न घेता दोनदोनदा उभी राहून तो नीट चालतो का ते पाहते आहे. बाबांनी होकार दिला आहे. पुढच्या सोमवारी पालखी आहे. आकडे इथेच देते.

वहीतले तिचे नवे वाक्य: "बाबांनी पालखीवर केलेले कार्य शून्य, बाबांनी खर्च केलेली ऊर्जा मोजायची आहे."

नाडी:
बाबा मध्ये पाणी प्यायले तर तांब्या आधी आणि नंतर तोला, आणि तेवढे वजन हिशेबात धरा. प्रयोगासाठी त्यांना तहानलेले मात्र ठेवू नका.